मोठीआई आणि भीतीचा आकडा

मोठीआईला, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीला, प्रश्न तसाच सोडून देणं जमायचं नाही. एसटी कधी येईल, हे रस्त्यातल्या एका अनोळखी माणसाने दुसऱ्याला विचारलं तरी उत्तर हिचंच. ते बरोबर असेलच असं नाही. पण विचारणारा निश्चिंत व्हायचा. आमच्या अख्ख्या काष्टी गावात इतकी ठाम बाई मी दुसरी पाहिली नाही.

पाचवी-सहावीत असताना मला तिच्या या गुणाचं व्यसनच लागलं. गोठ्याच्या कडीला हात लागला आणि त्याच हाताने मी जेवले, तर घरातलं कुणीतरी मरणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हात धुऊन धुऊन सोलवटले, तरी शंका जायची नाही. मग मी मोठीआईला गाठायची.

"काही होणार नाही ना गं?"

"काय हुतंय? काय न्हाई हुत. जेव तू."

क्षणभर बरं वाटायचं, आणि घास तोंडाशी नेईपर्यंत पुन्हा तेच. ती धार काढत असो नाहीतर पूजेला बसलेली असो, कधी वैतागली नाही. शेवटी मी जेवणच टाकलं, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला, तेव्हा आईबाबा मला नगरला मानसोपचाराच्या मॅडमकडे घेऊन गेले. मोठीआई न बोलावता गाडीत येऊन बसली.

याला ओसीडी म्हणतात, हा आजार आहे, मुलीचा हट्ट नाही, असं मॅडमनी समजावलं. मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक पायरी चढायची. कडीला हात लावायचा, धुवायचा नाही, भीती शून्य ते दहापैकी किती ते ॲपमध्ये टाकायचं आणि ती आपली आपण उतरेपर्यंत थांबायचं. आकडे मॅडमना नगरला दिसत, त्यावरून पुढची पायरी ठरे. "आणि घरच्यांनी 'काही होत नाही' म्हणायचं नाही. त्या धीरावरच ही भीती पोसते," हे त्यांनी मोठीआईकडे बघून सांगितलं. परतीच्या वाटेवर मोठीआई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसली. बाबांना वाटलं, तिला गाडी लागली.

मोबाईल घरभर, गोठ्यातसुद्धा फिरायचा, म्हणून मी त्याला शिवत नसे. आकडे मोठीआई टाकायची. डेअरीवर दुधाची फॅट कमी लागली की तिचं तोंड उतरायचं. इथे आकडा जास्त निघाला की उतरायचं. मी "नऊ" म्हणायची आणि ही खुशाल तीन दाबायची. पोरीचं उणं परक्याला कशाला कळवायचं, एवढाच तिचा विचार. मॅडम खूश झाल्या आणि त्यांनी एकदम वरची पायरी दिली : कडी धरायची आणि त्याच हाताने भाकरी खायची. मी ताट भिरकावलं आणि दुसऱ्या दिवशीही अन्नाला शिवले नाही.

मोठीआईने आपणहून मॅडमना फोन लावला. "आकडं म्याच खोटं टाकलं, मॅडम. पोर खरंच सांगत हुती. मला काय बोलायचं ते बोला, पर तिला सोडू नका."

मॅडम रागावल्या नाहीत. पुन्हा तळापासून सुरुवात झाली. या खेपेला मोठीआईने माझे नऊ ते नऊच टाकले, एका हाताने डोळे पुसत.

भाकरीची पायरी परत आली, तेव्हा ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी कडी धरून आले, तुकडा मोडला आणि विचारलं, "मोठीआई, तू मरणार नाहीस ना?"

तिचे ओठ हलले. तिने पदर मुठीत आवळला. मग म्हणाली, "मला ठाव न्हाई, बाळ."

इतकं प्रेम माझ्यावर नंतर कुणी केलं नाही. मी रडत रडत तो घास गिळला. ती जागची हलली नाही. दुसरा घासही तिच्यासमोरच खाल्ला.

मोठीआई गेल्या उन्हाळ्यात झटक्याने गेली. आदल्या दिवशी मी कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. गोठा उघडून गुरं बाहेर काढली होती आणि हात न धुता तशीच तिच्या ताटात जेवायला बसले होते. तिच्यावाचून आता घर खायला उठतं. तेव्हा खूप रडले, अजूनही रडते. पण त्या जेवणाचा आणि तिच्या जाण्याचा काही संबंध नाही, हे मला कुणालाही विचारावं लागलं नाही.