अक्काचा इको

ज्या दिवशी अक्का गेली, त्या दिवशी छावणीत जनावरांची हजेरी होती.

उलगडा न होणारे अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, आणि दर वेळी मनातल्या मनात लिहिणाऱ्याला कारण शोधून दिलंय... थकवा, ताप, दुःख. म्हणून हे लिहायला वेळ लागला.

लिंबागणेशच्या अलीकडे आमचं गाव. दुष्काळात आमच्या दूध सोसायटीने चारा छावणी चालवली. सोसायटीचा सेक्रेटरी मी. दर मंगळवारच्या हजेरीला मालक दावणीपाशी नसला, तर त्याच्या जनावराचं नाव कापायचं, हा नियम माझाच. अक्का, माझी थोरली बहीण, तिच्या चांदी गाईपाशी पाल टाकून राहायची.

उन्हाळ्यात तिला दम लागू लागला. आडवी झाली की गुदमरायची, म्हणून वैरणीच्या गंजीला टेकून बसल्याबसल्याच झोपायची. बीडला नेलं. ईसीजी बरा आला. तरी डॉक्टर म्हणाले, "इको करून घ्या. ईसीजीत ठोक्यांची लय कळते. झडपा नीट मिटतात का, रक्त माघारी येतं का, ते या सोनोग्राफीतच दिसतं." इकोवाले डॉक्टर मंगळवारीच यायचे.

"मंगळवारी हजेरी हाय," अक्का म्हणाली. "माझ्याबदली कुनी चांदीपाशी हुबं ऱ्हायलं तर चालंल का रे?"

शेजारच्या दावणीच्या शांतामावशी हसल्या. "सेक्रेटरीची भैन हाय तू बाई. तुजी गाय न बघताच मांडत्यात."

"आमचा सेक्रेटरी सख्ख्या आईचं बी नाव कापंल," अक्का म्हणाली.

दोघी हसल्या. मला मात्र मावशींचंच बोलणं लागलं. म्हणालो, "ईसीजी चांगला आलाय की. पुढच्या मंगळवारी बघू."

पुढच्या मंगळवारी हजेरी घेत चांदीपाशी आलो. अक्का गंजीला टेकून बसलेली होती. गाय हजर, मालक हजर... खूण करून मी पुढे गेलो. मागून शांतामावशींनी हाक मारली — "सायब, अक्का बोलंना."

पावसाळ्यानंतर मलाच धडधड होऊ लागली. त्याच दवाखान्यात इकोला गेलो. डाव्या कुशीवर झोपवून डॉक्टरांनी छातीवर गार जेल लावलं. मशीनमधून पाइपातल्या पाण्यासारखा आवाज येत होता. डॉक्टर मध्येच थांबले.

"लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का?"

"मला नाही. बहिणीला यायचा."

"झडप आखडलीय. गळतीय पण. तसल्या तापाचं जुनं दुखणं दिसतंय." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "बसून झोपावं लागत असेल तुम्हाला."

"मी आडवा झोपतो, डॉक्टर."

त्यांनी छातीवरून प्रोब उचलला, पुसला, पुन्हा टेकवला. आता झडप नीट उघडत होती, नीट मिटत होती. त्यांनी मशीन बंद करून परत चालू केलं. तेच.

"बहिणीचा इको कुठे केला होता?" त्यांनी विचारलं.

"केला नाही."

मशीनची गडबड असेल, असं ते म्हणाले. आधीच्या पेशंटचं चित्र राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्या दिवशी पहिला पेशंट मीच होतो. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

छावणी उठली. चांदी माझ्या दारात आहे. घरात माझा रिपोर्ट आहे, नॉर्मल. अक्काचा नाही.