मपल्यातलं खाईल

आप्पानं आयुष्यात कधी मेन्यूकार्ड उघडून पाहिलं नाही. आम्ही बसलो की ढाब्याचा मालक ते प्लॅस्टिकचं कार्ड समोर टाकायचा आणि आप्पा ते पालथं घालून त्यावर पाण्याचा जग ठेवायचा. मग पाठ टेकून टेबलावरची तोंडं बघत बसायचा. एकेकाचं तोंड, सावकाश, पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखं. मनाजोगतं बघून झालं की ऑर्डर द्यायचा. कोणी काय खायचं हे खाणाऱ्याला विचारायची पद्धत आमच्या टेबलावर नव्हती. ते आप्पा ठरवायचा.

त्याचं खरं नाव महालिंग. बीडच्या पेठेत त्याचं भुसार दुकान आणि त्याला लागून माझं कापडाचं. दोघंही लिंगायत, एकाच गल्लीत वाढलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पेठ बंद असायची त्या दिवशी दुपारी आम्ही पालीच्या अलीकडे किसनरावच्या ढाब्यावर जेवायला जायचो. सोबत सत्तारभाई टायरवाले आणि दिंद्रुडचा नवनाथ. नवनाथ बागायतदार, अंगावर कडक इस्त्री आणि डोक्यात राजकारण. तो कुठल्याच निवडणुकीत कधी निवडून आला नाही, तरी सगळे त्याला मेंबर म्हणत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जळका माणूस आहे. बायको तोंडावर जळकुकडा म्हणते आणि मला त्याचं काही वाटत नाही. जळायला कारण लागतं आणि माझ्याकडे ते होतं. सत्तारभाई आणि नवनाथ ही मुळात माझी माणसं. सत्तारभाई माझं गिऱ्हाईक, नवनाथच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे बस्ते माझ्या दुकानात बांधलेले. आप्पाशी त्यांची ओळख मी करून दिली. वर्ष सरायच्या आत अशी गत झाली की मी फोन केला की दोघंही आधी विचारायचे, "आप्पा येणार हाय का?" आप्पा असला तर येणार. नसला तर कुणाच्या पाण्याची पाळी असायची, कुणाचा ट्रक पंक्चर असायचा.

आप्पाला माणूस तोंडावरून कळायचा, एवढं मला कबूल करावं लागतं. एकदा सत्तारभाई नेहमीसारखे हसत आले, सलाम केला, बसले. आप्पानं त्यांच्याकडे पाहिलं आणि किसनरावला म्हणाला, "भाईला आधी गोड आणा. बासुंदी असंल तर बासुंदी. जेवण मागून." आम्हाला वाटलं काहीतरी खुशखबर आहे. बासुंदीची वाटी निम्मी झाल्यावर सत्तारभाईंनी सांगितलं की सकाळीच पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. "आप्पा, तुमको किसने बताया?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाला, "कोन सांगतंय? तोंड कडू दिसायलं, म्हणून गोड मागवलं." त्याच सकाळी सत्तारभाई माझ्या दुकानात येऊन चहा पिऊन गेले होते. मला काही दिसलं नव्हतं.

नवनाथ पंचायत समितीला पडला तेव्हा तर मी चार शब्द मनात तयार करूनच आलो होतो. हार-जीत व्हायचीच, लोकांना माणसाची किंमत कळत नाही, वगैरे. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पानं ऑर्डर दिली. "मेंबरला काळ्या रश्श्याचं मटण. वर तर्री सोडा चांगली. आन कांदा बुक्कीनं फोडून, कापून न्हाई." आप्पा आणि मी शाकाहारी, म्हणून नवनाथ टेबलाच्या टोकाला बसून खायचा. त्या दिवशी तो टोकाला बसून खाऊ लागला आणि दोन घासांत त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नाक वाहू लागलं. कडक इस्त्रीच्या बाहीनंच त्यानं तोंड पुसलं. आप्पा एवढंच म्हणाला, "लई तिखट झालं का मेंबर? हू द्या. खावा." निवडणुकीचं नाव कुणीच काढलं नाही. माझे चार शब्द माझ्याकडेच राहिले. पुढं वर्षभर नवनाथ गावोगाव सांगत फिरला की त्या दिवशी आप्पा होते म्हणून मी सावरलो. मीही तिथंच बसलो होतो, हे त्याला एकदाही आठवलं नाही.

मग मी ठरवलं की ऑर्डर देण्यात असं काय मोठं आहे. आप्पा एका लग्नासाठी परळीला गेला होता, ती संधी मी साधली. आग्रह करकरून दोघांना ढाब्यावर नेलं. मेन्यूकार्ड सरळ धरलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि त्यातली सगळ्यात भारी म्हणून काजूकरी मागवली. सगळ्यांना. सत्तारभाई सभ्य माणूस, त्यांनी निमूट खाल्ली. नवनाथ मात्र नुसता भाकरी रश्श्यात भिजवत बसला. मी म्हणालो, "मेंबर, काजू कावून ठिवलेत? खावा की." तो गालावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, सकाळी दाढ काढलीय." त्याचा अर्धा गाल भोपळ्यासारखा सुजला होता. मी सगळा वेळ कार्डात बघत होतो. परत आल्यावर आप्पाला हे कळलं तेव्हा तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मला उलट त्याचाच राग आला.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. आप्पा सत्तारभाईंना बघायचा, नवनाथला बघायचा, कधी कुणी पाहुणा सोबत असला तर त्यालाही बघायचा. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जिवाचं काहीतरी यायचं. शेवटी किसनराव माझ्याकडे बोट करून विचारायचा, "आन शेटला?" आप्पा मान वर न करता म्हणायचा, "ह्यो मपल्यातलं खाईल."

आमच्याकडे माझ्याला मपलं म्हणतात आणि तुझ्याला तुपलं. तर मी आप्पाच्यातलं खाणार. आप्पा शेवभाजी मागवायचा, एक प्लेट, आणि ती आमच्या दोघांच्या मधे यायची. मला कधी कुणी बघितलं नाही. माझ्या दुकानाला पाणी लागून मालाचे गठ्ठे भिजले तेव्हाही "मपल्यातलं खाईल", माझ्या पोराला नोकरी लागली तेव्हाही "मपल्यातलं खाईल". सगळ्यांची तोंडं वाचणाऱ्या माणसाला माझंच तोंड तेवढं कोरं दिसत होतं का? घरी येऊन मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "पोटभर जेवून आलात ना? मग झालं." बायकांना अशा गोष्टी कळत नाहीत असं मी तेव्हा धरून चाललो.

त्याची खायची तऱ्हाही चमत्कारिक होती. प्लेट आली की तो ती फिरवायचा. शेव माझ्या बाजूला यायची, तो आपला कडेचा रस्सा ओढून भाकरीला लावायचा. चुलीवरची भाकरी फुगलेली असायची. तिचा वरचा खरपूस पापुद्रा तो अलगद सोडवून माझ्याकडे सरकवायचा आणि खालचा जाड भाग स्वतः खायचा. मी समजत होतो की त्याला पापुद्रा आवडत नसेल.

एकदा मला राहवलं नाही. किसनरावनं विचारायच्या आत मीच म्हणालो, "मला येगळी शेवभाजी." आप्पा मान वर न करताच म्हणाला, "मागव की बे." दोन प्लेटी आल्या. मी माझी चाटूनपुसून खाल्ली, कारण आता माघार नव्हती. आप्पानं निम्मी खाल्ली आणि प्लेट तशीच पुढं सरकवली. "आज भूक न्हाई," म्हणाला. जिरवली एकदाची, असं वाटून मी खूश झालो. पुढच्या खेपेला तो पुन्हा म्हणाला, "ह्यो मपल्यातलं खाईल," आणि मी गुमान त्याच्या प्लेटकडे हात लांबवला.

मग आप्पाच्या छातीत दुखलं. फार काही नव्हतं, पण पुण्याची लेक आली आणि त्याला आणि वहिनीला घेऊनच गेली. दुकान पुतण्याकडे गेलं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही ढाब्यावर जेवलो तेव्हा आप्पानं नेहमीसारखीच ऑर्डर दिली. त्यानंतर आम्ही तिघं गेलो. किसनरावनं ज्याला त्याला विचारलं आणि ज्यानं त्यानं सांगितलं. माझ्यासमोर शेवभाजीची अख्खी प्लेट आली. ती मला संपली नाही. पापुद्रा माझाच होता आणि खालची भाकरीही माझीच होती, पण घास फिरत राहिला.

पुण्याहून तो ग्रुपवर फोटो टाकू लागला. झाडं, नातू, सोसायटीची बाग. आणि एक दिवस एका कॅफेचा फोटो आला. काचेची भिंत, गोल टेबल, पांढरे कप. आप्पाच्या शेजारी एक चष्मेवाला गृहस्थ, अंगात टीशर्ट, तोंडभर हसू. दोघांच्या मधे एकच प्लेट आणि तिच्यात दोन चमचे.

मी दुकानात गिऱ्हाईक सोडून तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. प्लेटमधे केकसारखं काहीतरी होतं. चष्मेवाल्याचा चमचा आत रुतलेला होता. खाली नवनाथनं अंगठा टाकला, सत्तारभाईंनी "माशाल्ला" लिहिलं. मी फोन पालथा घातला. सत्तारभाईंना बासुंदी आली, मी सोसलं. नवनाथ गावभर आप्पाचं कौतुक सांगत फिरला, तेही सोसलं. पण हा कोण कुठला टीशर्टवाला आप्पाच्या प्लेटमधे चमचा घालून बसला होता! त्या आठवड्यात मी दोन गिऱ्हाइकांशी भांडलो. बायकोनं फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि जळकुकडा हा शब्दसुद्धा वापरला नाही. नुसती आत गेली.

परवा पुतण्याच्या लग्नाला आप्पा आला. चेहरा उतरलेला, शर्ट ढगळ झालेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं पालीच्या रस्त्याला लागलो. गाडीत सगळे बोलत होते, मी खिडकीतून धरणाचं पाणी बघत होतो. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. किसनरावनं माझ्याकडे बोट केलं की त्यानं ते जुनं वाक्य बोलावं, एवढंच. ज्या वाक्यावर मी इतकी वर्षं चडफडलो, तेच.

किसनरावनं कार्ड टाकलं. आप्पानं ते पालथं घातलं, वर जग ठेवला. सत्तारभाईंकडे बघून म्हणाला, "भाई, गुडघा दुखायलाय न्हाई का? ती उंच खुर्ची घ्या. किसनराव, ह्यांना पिठलं, लसूण जास्त." नवनाथला बघून म्हणाला, "मेंबरला आज मटण नगं, पित्त झालेलं दिसतंय. दही-भाकर द्या." नवनाथ पोटावर हात ठेवून ओशाळला. मग किसनरावनं माझ्याकडे बोट केलं. "आन शेटला?"

आप्पानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, त्या टेबलावर, सावकाश. "ह्याला शेवभाजी," तो म्हणाला. "झणझणीत. आन भाकरी कडक." मग स्वतःसाठी साधं वरण सांगितलं, बिनमिठाचं.

ऑर्डर अगदी बरोबर होती. मला तेच हवं होतं, तसंच हवं होतं. मी जन्मभर मागितलं ते मला मिळालं होतं आणि मी पाहुणा झालो होतो. म्हटलं, रडायचंच झालं तर तर्री येईपर्यंत तरी थांबलं पाहिजे.

"मी तुपल्यातलं खातो की," मी म्हणालो.

"मपल्यातलं काय खातो बे आता?" आप्पा म्हणाला. "लेकीनं मीठ बंद केलंय. मलाच तोंडात घालू वाटंना. तू तुपलं खा."

माझी प्लेट आणि त्याची वाटी आली. त्याचं वरण पिवळं, निवांत, वर काहीच नाही. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारलंच, "त्यो चष्मेवाला खातो का तुपल्यातलं?"

"कोन चष्मेवाला?"

"फोटोतला. कॅफेतला."

आप्पा विचारात पडला, मग त्याला आठवलं. "ते व्हय! ते सोसायटीतले साहेब हायेत. मपल्यातलं कशाला खातील? केक त्यांचाच असतोय. दुसरा चमचा त्यो कॅफेवाला उगं ठिवून जातोय. मी हातबी लावत न्हाई. बिनसाखरेचा चहा पितो आन येतो." मग म्हणाला, "ते साहेब चांगले हायेत. पर एकटंच खातेत बे सगळं."

मी माझी शेवभाजी उचलली आणि नवनाथपुढं ठेवली. पित्त असूनही त्यानं ती नाकारली नाही. मग आप्पाची वरणाची वाटी दोघांच्या मधे ओढली. "आळणी हाय बे," आप्पा म्हणाला. मी म्हणालो, "आसू दे." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, वाटी थोडी माझ्या बाजूला फिरवली, जणू त्या पिवळ्या वरणातही काही चांगली बाजू होती, आणि भाकरीचा पापुद्रा सोडवून माझ्याकडे सरकवला.

वरण अतिशय वाईट होतं. मी वाटी पुसून खाल्ली.