तळघरातली फरशी

अवि गेल्याचं सांगायला त्याच्या मुलीचा, मीराचा फोन आला तेव्हा मी गाडीतून भाजी उतरवत होतो. रडून झाल्यावर ती म्हणाली, "काका, बेसमेंटमधला बाबांचा कॉम्प्युटर अजून रन होतोय. शटडाउन करू का?"

"हात लावू नकोस!" मी जवळजवळ ओरडलोच.

इथे परदेशात, वेस्ट विंडसर गावात आमची घरं एकाच गल्लीत. मी पूल बांधणारा, तो सिरॅमिक कसं फुटतं याचा अभ्यास करणारा. सिरॅमिक म्हणजे एकमेकांना चिकटलेले असंख्य बारीक कण. ताण आला की त्यांच्या जोडांवर न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्या एकमेकींना गाठतात आणि धडधाकट दिसणारी वस्तू एकदम फुटते. हे सगळं तो कॉम्प्युटरवर घडवून बघायचा; अशा एकेका 'रन'ला आठवडेच्या आठवडे लागत. "तुम्ही सिव्हिलवाले, भेग दिसली की लिंपून मोकळे," असं मला डिवचायचा. तो निवृत्त झाला, मग वहिनी गेल्या, आणि त्यानं तळघरातच मुक्काम ठोकला म्हणा ना. जेवायला बोलावलं तर म्हणे, "रन लावलाय यार, संपला की येतो." लोक आता म्हणतात, तोही आतून तसाच तडकत गेला. मला हे बोलणं मुळीच आवडत नाही. तो हट्टी होता, दुःखी होता आणि कामात रमलेलाही होता... तिन्ही एकाच वेळी.

शेवटच्या रनवर आमची पैज लागली होती. पडद्यावरच्या सिरॅमिकच्या फरशीवरचा भार हळूहळू वाढवत नेला तर ती कुठून फुटेल? मी म्हणालो, कडेपासून. तो म्हणाला, मधूनच. "बघच तू, नाक घासत येशील."

मीरानं घर विकायचं लांबवलं आणि किल्ली मला दिली. मी रोज जाऊन पडद्यावरचे आकडे सरकताना बघत बसायचो. त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तेवढा वेळ अवि कामात आहे, त्याला हाक मारू नये, असं वाटायचं. बाहेर आलो की मात्र फार एकटं वाटे.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी रन संपला. पडद्यावर फरशी फुटलेली होती, अगदी मधून. मी मीराला फोन केला.

"सो, बाबा वॉज राइट?"

"हो गं."

मग ती म्हणाली, "आता बंद करा, काका."

मी बटण दाबलं. पंखा घरघरत थांबला. "अवि, हरलो रे," मी मोठ्यानं म्हणालो. एरवी एवढ्यावर त्यानं मला महिनाभर सोडलं नसतं... मी जिन्यावर बसून राहिलो. कुणी डिवचलं नाही.