ताईचा काळा किनारा

माझे वडील, अप्पा, सोलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मॉरिशसमध्ये नोकरीला असलेल्या कारकुनाचं स्थळ ताईला सांगून आलं, तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या लांब देऊ नका हो पोरीला." पण जायचं ताईलाच होतं. अप्पांच्या नकाशांवर लोळत वाढलेली मुलगी ती.

तिची पत्रं अप्पा वर्गात वाचून दाखवत. "अप्पा, हे सगळं बेट ज्वालामुखीच्या रसाचं. भोवती पोवळ्यांचा बांध आहे, म्हणून पाणी संथ असतं. आमच्या बाजूला मात्र तो तुटलाय. समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो. कडे पोखरून गुहा झाल्यात, एके ठिकाणी नुसती कमान उरलीय. एका खडकाला आरपार भोक आहे. लाट खाली शिरली की त्यातून पाणी उसळतं अन् खडक घुमतो."

सोबत एक काळा, भोकाभोकांचा दगड होता. अप्पांनी तो आमच्या विहिरीतून निघालेल्या दगडाशेजारी ठेवला. मला म्हणाले, "बघ, एकाच कुळीचे. आपलीही जमीन आगीतूनच आलीय."

उत्तरात त्यांनी ताईला विचारलं, लाट शिरल्यापासून पाणी उसळेपर्यंत किती वेळ जातो? घड्याळ लावून कळव.

मग तार आली. ताई गेली, एवढंच. महिन्याभरानं मेहुण्यांचं पत्र आलं. अप्पांनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी बारा वर्षांची. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचू लागले. तिला सातवा महिना होता, ओल्या खडकावरून पाय घसरला, लाटेनं ओढून नेलं.

"मधली ओळ गाळलीस," अप्पा म्हणाले. "वाच."

"अप्पा, नको ना."

त्यांनी पत्र घेतलं आणि स्वतःच वाचलं. "मी नको म्हणत होतो. पण अप्पांनी विचारलंय, असं म्हणून तिनं माझं घड्याळ मागून घेतलं."

 आई म्हणाली, "पुस्तकात नव्हतं का ते?"

"नव्हतं," अप्पा म्हणाले.

आईनं त्यांना कधी दूषण दिलं नाही. वेळेवर रांधलं, आजारपणं काढली. पण त्यांच्याशी ती पुन्हा थेट बोलली नाही. "पान वाढलंय म्हणावं," असं मला सांगायची, आणि मी ओसरीवर जाऊन सांगायची. पुढं माझं लग्न ठरलं, तेव्हा मला रडू आलं ते सासरच्या धास्तीनं नव्हे. आता या दोघांचे निरोप कोण पोचवणार, हेच मनात येत होतं.