पायथ्याची माती

आमच्या खारेपाटात समुद्र अडवायला मातीचा बांध होता, आणि तो सांभाळायला गावकीचा एकच नियम: बांध फुटून खांड पडली की दर घरातून एक माणूस पाटी घेऊन हजर. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, म्हणून हे एक माणूस म्हणजे बाईमाणूसच. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी माझ्या डोक्यावर चिखलाची पाटी आली. चिखल आणायचा तोही पन्नास पावलं लांबून. बांधाच्या पायथ्याला कुदळ लावायची नाही, हे सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पायथा पोखरला की वरचा बांध बसतो. एवढं साधं आहे ते.

मुंबईतल्या मंडळींना मात्र डोक्यावरून चिखल वाहणं मागासलेपणाचं वाटू लागलं. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती, जो तो यंत्रांच्या गप्पा मारायचा. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव निघाला, तेव्हा माझ्या नवऱ्याने पुढाकार घेऊन गावासाठी एक गाडी घेतली. रंग उडालेला हिरवा ट्रक, मागे लोखंडी हात, हाताला दात असलेला डबा. चैत्रात ती गावात आली. देवळाच्या आवारात हार घातला, नारळ फोडला, पुरुषांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. आम्ही बायका कुंपणाबाहेर.

जमीन वाळून कडक झाली होती, म्हणून गाडी थेट बांधापर्यंत गेली. तिचा हात पोचायचा जेमतेम चार-पाच पावलं. मग चालवणारा माती काढणार कुठून? पायथ्यातूनच.

मी धावत गेले. "भाऊ, हितली माती नका काढू, लांबून आणा."

तो पलटणीतून निवृत्त झालेला. म्हणाला, "बाई, या गाडीने लढाईत खंदक खणलेत."

"आतापन खंदकच खनताय तुमी," मी म्हटलं. नवरा तिथेच उभा होता. चारचौघांत मला म्हणाला, "तू घरी जा. यातला तुला काय कलतंय?"

आठ दिवसांत बांध कंबरभर वाढला आणि आतल्या अंगाला तेवढाच खोल चर पडला. सगळे खूश होऊन मुंबईला गेले.

भादव्याच्या अवसेला, भरदुपारी, भात पोटरीला आलेलं असताना बांध त्या चरात बसला. वादळ नाही, काही नाही, नेहमीचंच उधाण. आम्ही पाट्या घेऊन पोचेपर्यंत माझ्या शेतात गुडघाभर खारं पाणी होतं. आता पौर्णिमेच्या उधाणाआधी खांड बुजवायला हवी होती. पुरुषांना निरोप गेले. गाडी आणायला पंधरा-पंधरा दिवस रजा मिळालेल्यांना आता एका दिवसाची मिळेना. गाडी तर पावसाळी चिखलात चाकही टाकू शकत नव्हती. ती देवळामागे नारळाच्या झापांखाली उभी.

मी सासूला सांगितलं, मी जाणार नाही. ज्याने चर खणवला त्याने यावं. साठीची बाई उठली, पदर खोचला आणि पाटी उचलली. घरातलं एक माणूस जायलाच हवं होतं. मी तिच्या हातातून पाटी ओढून घेतली आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत बारा दिवस चिखल वाहिला.

दिवाळीला तो आला. मी पुढ्यात बाजारातल्या ज्वारीची भाकरी ठेवली.

"भात न्हाय?"

"गाडीला इचारा."

चिडला तो. "मी कुनासाठी घेतली गाडी? तुज्या डोक्यावरची पाटी उतरावी म्हनूनच ना?"

खरं बोलत होता, म्हणून मला जास्तच संताप आला. पाटी माझ्या डोक्यावर होती, बांध माझ्या हातचा होता. मला एकदा विचारलं असतं तर याचं काय बिघडलं असतं?