मागचा आवाज

चिठ्ठी छापील होती आणि तिच्यावर आठ चौकटी होत्या. खोकला. पान उलटल्याचा आवाज. श्वास. घाईचं वाचन. चुकीचा उच्चार. तोंड माइकपासून लांब. मागचा आवाज. इतर. हॅलोबाईंनी चष्मा वरखाली करून चिठ्ठी दोनदा पाहिली. सातव्या चौकटीत निळ्या शाईची खूण होती, बाकीच्या सगळ्या कोऱ्या.

“मागचा आवाज?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मागे आहे कोण आवाज करायला?”

हॅलोबाई हे नाव लोकांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांचा बोर्ड घेऊन. भाजी घ्यायला गेल्या तरी त्यांनी तोंड उघडलं की दोन-चार माना वळायच्या, इतका तो आवाज गावाच्या ओळखीचा. पुढे एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, बाई निवृत्त झाल्या, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. जाताना त्या नोकरीनं त्यांचा डावा कान मात्र ठेवून घेतला. उजवाही पूर्वीचा राहिला नव्हता. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. जन्मभर लोकांना ‘जरा मोठ्यानं बोला’ म्हणून दटावलं, आता स्वतःसाठी तेच म्हणायचं? छे! कुणी हळू बोललं की त्या हसून मान हलवत. अशा रीतीनं गेल्या काही वर्षांत त्यांनी कशाकशाला होकार दिला असेल, देव जाणे.

घरात दुसरा माणूस एकच. बाई त्यांना ‘अहो’ म्हणत, तेव्हा आपणही अहोच म्हणू. अहो छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लग्नपत्रिका असो की जाडजूड कोश, चूक त्यांच्या डोळ्यांतून सुटायची नाही. जेवताना लोणच्याच्या बरणीवरचा कागद वाचून ‘इथे वेलांटी पहिली हवी’ म्हणणारा माणूस! आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले. हात-पाय हळूहळू सावरले, पण शब्द जागचे हलले. मनात एक असायचं, तोंडातून दुसरंच यायचं. छापखान्यातला एक जुना सोबती भेटायला आला, अहो त्याला ‘बसा’ म्हणायला गेले आणि म्हणाले, “पुसा.” सोबत्याला हसू आवरलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, नुसता हसला. पण दुसऱ्यांच्या चुकांवर आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडची चूक सोसेना. त्या दिवसापासून अहोंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

“त्यांचा आवाज गेला हो,” असं लोक म्हणू लागले. डॉक्टर म्हणत, आवाज गेलेला नाही, बोलतं करा. बाईंनी खूप प्रयत्न केले. प्रश्न विचारले, चिडवून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी त्याही गप्प झाल्या. त्या घरात दिवसदिवस कुकरच्या शिट्टीखेरीज कुणी बोलेना.

म्हणून तर त्या लायब्ररीत गेल्या. अंधांसाठी पुस्तकं वाचून ठेवणारी ती लायब्ररी होती. वाचणारे लोक घरी बसून वाचत, आवाज तिथे जमा होई. बाईंना हे काम हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. आपलं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतंय, एवढंच त्यांना पाहिजे होतं. लायब्ररीनं तळहाताएवढा रेकॉर्डर दिला, एक लहानसं पुस्तक दिलं आणि नियम सांगितला: पहिल्या चार पानांचे तीन नमुने. तिसराही नापास झाला तर पुन्हा अर्ज करायचा नाही.

आणि पहिलाच नमुना हा असा परत आला होता.

बाईंनी रेकॉर्डर उजव्या कानाला लावून चारही पानं ऐकली. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, छान खणखणीत. मागे काही म्हणजे काही नव्हतं. कुणाला तरी ऐकवावं हे त्यांच्या मनात आलं, पण मग त्यानं विचारलं असतं, ‘एवढं तुम्हाला ऐकू येत नाही?’ तेव्हा तो बेत त्यांनी तिथेच गुंडाळला.

कोपऱ्यावर रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. विचारलेल्या आणि न विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तो देई. बाईंनी त्याला गाठलं.

“ऐकवू का तुला?” त्यांनी विचारलं, पण रेकॉर्डर पिशवीतून काढला नाही.

“ऐकायचं काय त्यात! फ्रिज असणार,” तो एका तारेला डाग देता देता म्हणाला. “फ्रिज घूं करतो, आपल्याला सवय होते, मशीनला होत नाही. बंद करा. आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा.”

“किल्ली? फ्रिजमध्ये?”

“म्हणजे बाहेर पडताना किल्ली घ्यायला जाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल. भिंतीचं घड्याळ काढा. पंखा बंद. मशीन टेबलावर नुसतं ठेवू नका, खाली टॉवेलची घडी घाला. आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाचा. कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात, कपडे पिऊन टाकतात. स्टुडिओवाले फोम लावतात, तुम्हाला कशाला तो खर्च? साड्या आहेत ना?”

साड्या होत्या. बाईंनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं आणि दुपारी, शाळा भरून रस्ता शांत झाल्यावर, साड्यांना पुस्तक वाचून दाखवायला बसल्या. त्यांच्या पाठीमागे दाराचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे बाहेरच्या खोलीत अहोंची खुर्ची. अहो रोज दुपारी तिथेच बसत, खिडकीकडे पाहत. त्यांच्यापासून काय त्रास व्हायचा? ते तर फर्निचरपेक्षाही शांत होते.

नमुना लायब्ररीत देऊन आल्यावर घरात शिरायला किल्ली सापडेना. ती फ्रिजमध्ये होती. बाई नुसतं दार ओढून घेऊन गेल्या होत्या, फ्रिज बंदच होता आणि दूध नासलं होतं. अहोंनी आतून दार उघडलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना वाटलं आता हे काहीतरी बोलणार. पण नाही.

चार दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली. सातव्या चौकटीत खूण, तीच निळी शाई. या वेळी खूण जरा दाबून केली होती.

बाईंचं डोकं चालेना. फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ तर पिठाच्या डब्यात. मग राहिलं काय? त्या घरभर कान देत फिरू लागल्या, म्हणजे जेवढा होता तेवढा कान देत. नळाला कान लावला. मीटरच्या पेटीला लावला. भिंतीला लावला, तर पलीकडच्या शेजारीणबाईंनी खिडकीतून डोकावून “काही हवंय का?” म्हणून विचारलं. आपलं पोट तर गुरगुरत नाही? त्या जेवून वाचायला बसल्या, मग उपाशी बसल्या. आपल्याच डोक्यात काहीतरी वाजतंय आणि ते मशीनमध्ये उतरतंय, अशीही एक शंका त्यांना आली. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, एवढं बरं.

तिसऱ्या नमुन्याला मात्र त्यांनी कंबर कसली. स्वयंपाकघरामागे अडगळीची खोली होती, खिडकी नसलेली. तिथल्या भिंतींवर त्यांनी घरातली होती नव्हती ती पांघरुणं खिळ्यांना अडकवली, खाली सतरंजी टाकली, आणि दाराला लावायला पाहुण्यांच्या पलंगावरची गादी ओढत आणली. गादी जड होती. अहो खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी चांगल्या हातानं एक टोक धरलं.

गादी दारात उभी राहिली तेव्हा बाई आत होत्या आणि अहो बाहेर. मधल्या फटीतून अहोंनी हात आत घातला. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले.

“आता काही नको हो,” बाई म्हणाल्या. “हा शेवटचा नमुना आहे. तुम्ही जाऊन बसा बरं खुर्चीत.”

हात बाहेर गेला. बाईंनी फट बुजवली आणि घामाघूम होत चार पानं वाचून काढली.

तिसरी चिठ्ठी आली. आठही चौकटी कोऱ्या! खाली कारकुनाच्या अक्षरात एक ओळ होती: ‘मागचा आवाज गेला. पास. येऊन भेटणे.’ बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी ती ओळ अहोंना मोठ्यानं वाचून दाखवली. अहोंनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

नमुने तपासणारे सर लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसत. त्यांना दिसत नव्हतं. ते ऐकून शेरे तोंडी सांगत आणि चौकटीत खूण करायचं काम कारकुनाचं होतं.

“या, या,” सर आवाजाच्या दिशेनं हसून म्हणाले. “आवाज गोड आहे तुमचा. कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. बरं, एक विचारू? ते गृहस्थ कोण?”

“कोण गृहस्थ?”

“पहिल्या दोन नमुन्यांत तुमच्या मागे वाचत होते ते. मी सांगितलं होतं ना, मागे एक माणूस बोलतोय म्हणून?” सरांनी मान कारकुनाकडे वळवली.

“तशी चौकट नाही आपल्याकडे,” कारकून म्हणाला. “मग मी मागचा आवाज केलं.”

बाईंना काही कळेना. सर कुणा दुसऱ्याच बाईंबद्दल तर बोलत नाहीत? “आमच्याकडे बोलणारं कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा आवाज गेलाय.”

सरांनी चाचपून हेडफोन उचलला, बाईंच्या हातात दिला आणि एक बटण शेवटपर्यंत फिरवलं.

किती वर्षांनी तो कानावर चढत होता! आधी बाईंना स्वतःचाच आवाज आला, नको इतका मोठा. मग दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, लांबून, पडद्यापलीकडून, काहीतरी घासत घासत आलं. त्यांनी वाचलेलाच शब्द होता. मग पुढचा. एखादा सुटत होता, एखादा अर्धाच येत होता, पण त्यांच्या पाठोपाठ कुणीतरी धडा गिरवत होतं.

“आता ऐका हं,” सर म्हणाले. “इथे मला फार मजा वाटली.”

बाईंचा आवाज वाचत होता: “त्या बोटावर तीन माणसं राहत होती.”

आणि मागून, हळू पण ठाम: “बेटावर.” थोडं थांबून, “काना... जास्त.”

“बोटावर माणसं कशी राहतील, म्हणून मी पुन्हा ऐकलं,” सर हसत होते. “बघतो तर मागे चूक दुरुस्त करणारा बसलेला! म्हणून उच्चाराच्या चौकटीत खूण करू दिली नाही मी.”

बाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता. ‘काना जास्त.’ हे दोन शब्द त्यांनी चाळीस वर्षं जेवणाच्या ताटावर, अंथरुणात, भर बाजारात ऐकले होते आणि वैतागल्या होत्या. त्या कारकुनासमोर रडल्या, सरांसमोर रडल्या, आणि मग त्यांना ती गादी आठवली. फटीतून आत आलेला हात आठवला. आपण हाताला लागेल ते पांघरूण लावून, खिळे ठोकून, हा आवाज घालवला होता आणि वर त्याची चिठ्ठी त्यालाच वाचून दाखवली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्या घरी पोचल्या तेव्हा अहो खुर्चीत होते. अडगळीच्या खोलीतली पांघरुणं काढून बाईंनी पलंगावर फेकली, गादीही जागेवर नेली. फ्रिज चालू होता, तो तसाच राहू दिला. पिठाच्या डब्यातून घड्याळ काढून, फुंकून भिंतीला लावलं. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटासमोर बसल्या. या वेळी खुर्ची थोडी तिरकी केली, उजवा कान पडद्याकडे येईल अशी. रेकॉर्डर पिशवीतच होता.

त्यांनी पुस्तक उघडलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचलं, “त्या बोटावर तीन माणसं राहत होती.”

आणि थांबल्या. घड्याळ टकटक करत होतं, फ्रिज घूं करत होता, बाहेर कुणाची तरी सायकल गेली. एवढ्या गोंगाटात काही ऐकू येईल का, हे त्यांना समजेना. वळून पाहावं तर अहो तोंड मिटतील, ही भीती. त्या मान ताठ ठेवून साड्यांकडे पाहत राहिल्या.

मागे काहीतरी हललं. एखादा शब्द असेल, किंवा खुर्ची करकरली असेल. एरवी बाईंनी हसून मान हलवली असती.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हे स्वतःसाठी म्हणत होत्या, “जरा मोठ्यानं बोला ना. मला हल्ली कमी ऐकू येतं.”

मग पडदा सरकला आणि अगदी उजव्या कानाजवळ, अडखळत, रागावून आवाज आला.

“बे... बेटावर. काना जास्त.”