चार नंबरची प्रिंट

घरी प्रिंटर आणि स्कॅनर घ्यायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली होती, "तुम्ही दोन महिने लावणार." मला अडीच लागले. त्यातल्या सहाव्या आठवड्यात एका प्रिंटमुळे जी भीती मनात शिरली, ती अजून पूर्ण गेलेली नाही.

आम्ही उत्तरेत, मनीमाजऱ्यात राहतो. हवाई दलाच्या भांडारात वीस वर्षं काढली, शेवटची नेमणूक इकडची होती, निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. बायको जलरंगात झाडं रंगवते. या शहरात रस्त्यागणिक झाड ठरलेलं आहे, एका रस्त्याला ओळीनं बहावा, दुसऱ्याला नीलमोहर. आपल्याकडची सैन्यातली कुटुंबं दोन-तीन वर्षं राहून बदलीवर जातात आणि जाताना तिच्याकडे आपल्या क्वार्टरसमोरच्या झाडाचं चित्र मागतात. मूळ चित्र द्यायला तिचा जीव होत नाही. बाजारातून छापून आणलं, तर तिचा बहावा वरणासारखा दिसला. ती ते तसंच परत घेऊन आली आणि कपाटावर उलटं ठेवून दिलं. तेव्हा घरीच छापायचं ठरलं.

स्कॅनर निवडणं सोपं गेलं. जलरंगाचा कागद वाळला की थोडा फुगतो, काचेवर सपाट बसत नाही. पातळ, स्वस्त स्कॅनरला काचेला चिकटलेलं तेवढंच दिसतं, वर उचललेला भाग धूसर येतो. मी दुकानात काचेवर स्टीलची पट्टी ठेवली, तिच्या एका टोकाखाली खोडरबर सरकवलं आणि स्कॅन काढून कुठपर्यंतचे आकडे वाचता येतात ते पाहिलं. पातळ स्कॅनरनं दोन सेंटिमीटरनंतर हात टेकले. जाडजूड, आत भिंग असलेल्या स्कॅनरनं शेवटपर्यंत आकडे दाखवले. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, पट्टी स्कॅन करनी है या पेंटिंग?" मी दुसरा घेतला.

प्रिंटरला वेळ लागला. कुणी चार शायांचा सांगत होता, कुणी सहा शायांचा, कुणाची शाई चकचकीत पण उन्हात उडणारी, कुणाची टिकाऊ पण जरा मंद. बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी भांडारात शिकलो आहे. मी बायकोचं चार वर्षांपूर्वीचं नीलमोहराचं चित्र स्कॅन केलं. ते तिचं सगळ्यात आवडतं. उजेडानं रंग उडू नयेत म्हणून ते फोल्डरमध्ये, फोल्डर ट्रंकेत, आणि ट्रंक पलंगाखाली असते. स्कॅन पेन ड्राइव्हवर घेतला, एकाच गठ्ठ्यातले कागद बरोबर घेतले आणि पाच दुकानांतल्या पाच प्रिंटरांवर तेच चित्र छापून आणलं.

चौथ्या दुकानातला प्रिंटर बिघडलेला होता. पिवळ्या शाईची बारीक भोकं बुजली होती, त्यामुळे पानं हिरवी न येता निळसर आली, रस्त्याची माती पांढरट-गुलाबी. दुकानदार ओशाळला. "ये फेंक दो जी, परसों आना, साफ करवा दूँगा." मी फेकली नाही. त्यालाही कारण भांडारच. आमच्याकडे माल तपासायला माणूस बसला की त्याच्या समोरच्या ढिगात आम्ही एक नग मुद्दाम खराब मिसळायचो. त्यानं तो बाजूला काढला तर बाकीच्या शेऱ्यांवर विश्वास. नाही काढला तर सगळी तपासणी पुन्हा. माल तपासायच्या आधी डोळे तपासायचे, असं आमचे वॉरंट ऑफिसर म्हणायचे. त्या वाक्याची मला आता भीती वाटते.

पाचही प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं आकडे घातले. सकाळी दहाला बाल्कनीत सावलीतला उजेड चांगला असतो, तेव्हा टेबल मांडलं. मूळ चित्र मुद्दाम ट्रंकेतच ठेवलं, कारण समोर मूळ असलं की माणूस फरक शोधत बसतो. चित्र मनात जसं आहे तसं कोणत्या प्रिंटमध्ये उतरलंय हे मला हवं होतं. आधी मुलगी आली. ती शेजारच्या खरड गावाजवळच्या कॉलेजात आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तिनं पाच सेकंदांत चार नंबर उचलून बाजूला टाकली.

"पापा, ये वाली बीमार है."

मी वहीत बरोबरची खूण केली. मग बायको आली. तिनं चष्मा पुसला, पाचही कागद एकेक करून उजेडाकडे धरले, पुन्हा मांडले. तीन मिनिटं लागली. मग चार नंबर हातात घेतली.

"ही. ही माझी आहे. बाकीच्यांवर चहा सांडलाय."

मुलगी हसली. "मम्मी, आप भी ना."

मीही हसलो. आमच्या घरात थट्टेचा मान बायकोकडे आहे. पण ती हसत नव्हती. ती त्या प्रिंटकडे बघत होती, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशी. मी आत गेलो, ट्रंक ओढली, मूळ चित्र आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

तिनं कडेवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "याला ओल लागलीय का ट्रंकेत? पिवळं पडलंय."

कागद पांढराशुभ्र होता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असेल. पावसाळ्यात बघायला हवं होतं." मी सहसा खोटं बोलत नाही. तेव्हा बोललो.

दुसऱ्या दिवशी मी आकडे खोडून नवे घातले, क्रम बदलला आणि पुन्हा विचारलं. तिनं तीच उचलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक निकाल तीनदा आला की तो वहीत पक्का करायचा, ही माझी जन्माची सवय. तिसऱ्या वेळी ती कागदांवरून हात फिरवत होती तेव्हा मी मनात म्हणत होतो, चूक, एकदा तरी चूक, दुसरी उचल. तिनं तीच उचलली. मी वही मिटली. पक्का केला नाही.

त्या दुपारी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी तिचा रंगांचा डबा उघडला. प्रत्येक ट्यूबवर कागदी पट्टी, पट्टीवर तिच्या अक्षरात आकडा, आणि झाकणाच्या आत यादी: एक लिंबू-पिवळा, दोन गडद पिवळा, सात आकाशी. हे मी दिवाळीतच पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, पंचवीस वर्षांनी का होईना, माझी शिस्त हिच्या अंगात मुरली. मुलीला मी तसं बोललोही होतो. आता तो डबा हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, आणि दिवाळीपासून किती महिने झाले ते बोटांवर मोजलं. पाच.

ती आली. माझ्या हातात डबा बघून पिशवी खाली ठेवली.

"कळलं का?" ती म्हणाली.

"आकडे कशाला घातलेस?"

"निळा आणि राखाडी शेजारी ठेवले की मला एकच दिसतात. सकाळी जरा बरं असतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तक्ता केला असता." मग ती खाली बसली. "आईचं असंच सुरू झालं होतं. ती म्हणायची, दुधाला पिवळी छटा आहे, गवळी बदला. दोन गवळी बदलले आम्ही. मग कुणीतरी नेऊन तिचं ऑपरेशन केलं, आणि त्यानंतर तिला काहीच दिसलं नाही. मी तिला हाताला धरून न्हाणीत न्यायची. मला नाही जायचं कुठं. दिसतंय तेवढं दिसू दे."

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की आकड्यात मांडलं की भीती आटोक्यात येते. मी म्हणालो, "एक डोळा झाक, आणि भिंतीकडे बघ." तिनं उजवा झाकला. "पांढरी. जरा मळकी." मग डावा झाकला.

"काय रंग आहे?"

"साय," ती म्हणाली. "जुनी साय."

तिला दवाखान्यात न्यायला मला चार दिवस लागले. भांडण नाही झालं. ती रोज नवं काम काढायची, आणि खरं सांगायचं तर तिनं एक काम काढलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. तपासलं नाही तोवर निकाल नव्हता. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आप दोनों डर रहे हो. मैं छुट्टी ले रही हूँ, चलो." आणि तिनं आम्हाला बत्तीस नंबरच्या सेक्टरमधल्या सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथे डोळ्यांत थेंब घालून पाऊण तास बसवतात, बाहुल्या मोठ्या व्हायला. बायको डोळे मिटून बसली होती, माझं मनगट तिच्या हातात. समोरच्या बाकावर एक सरदारजी, त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा, सून त्यांना चहाचा कप हातात कसा धरायचा ते सांगत होती. मी तिकडे बघायचं टाळत होतो. मनात हिशेब चालला होता: स्वयंपाकघरात किती पावलं, जिन्याच्या किती पायऱ्या, गॅस कुठे, सुऱ्या कुठे. जिन्याच्या बत्तीस पायऱ्या. हिला हाताला धरून त्या उतरवायच्या. मी ते सगळं मांडून पाहत होतो आणि मला थांबता येत नव्हतं.

डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पाहिलं, लिहिलं, मलाही आत बोलावलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, डाव्यात सुरुवात. भिंगच पिवळं पडलंय, म्हणून जग पिवळं. ते काढून नवं बसवता येतं. मी श्वास सोडणार, तोच त्या म्हणाल्या की डोळ्यातला दाब उजवीकडे चोवीस आहे, एकवीसच्या आत हवा. घरात कुणाचे डोळे गेले होते का, त्यावर मी सासूबाईंचं सांगितलं. "माताजी की आँख का ऑपरेशन किस चीज़ का हुआ था?"

बायकोला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. मोतीबिंदू म्हणत, पण काचबिंदू असू शकेल, आणि तो असला तर ऑपरेशननं गेलेलं परत येत नाही, आणि तो घराण्यात उतरतो. हे डॉक्टरबाईंनी सावकाश, नीट समजावून सांगितलं. चोवीस उणे एकवीस, तीन. इतक्या लहान आकड्याला मी आयुष्यात कधी एवढा घाबरलो नव्हतो.

दाबाचे थेंब सुरू झाले. दोन आठवड्यांनी एकोणीस आला. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आदल्या दिवशी तिनं मला बाल्कनीत बोलावलं आणि मागच्या दोन वर्षांची सगळी चित्रं मांडली. "मला ही खरी कशी आहेत ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मला दिसत होतं. जगाचा पिवळेपणा मारायला तिनं निळा ओतला होता. बहाव्याच्या सावल्या जांभळ्या, आभाळ शाईसारखं. मीच ती चित्रं भिंतीवर लावली होती आणि मला एकदाही काही वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "निळी आहेत."

"वाईट?"

"निळी."

ती एवढंच म्हणाली, "उद्या काही झालं तर तो प्रिंटर घ्या, आणि नीलमोहर नीट छापून ठेवा. मला दिसणार नाही, पण तुम्ही नीट छापाल."

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मी बाहेर होतो. मला आत जायचं धैर्य झालं नाही. मुलगी आत गेली, आणि मी दारावरच्या काळ्या पाटीवरची अक्षरं मोजत उभा राहिलो. मग आतून बायकोचा आवाज आला, "अगं, किती पांढरं ते. तुझ्या बाबांचे केस इतके पिकलेत का?" ती दाराच्या फटीतून माझ्याकडेच बघत होती.

आठ दिवसांनी, सकाळी दहाला, मी पुन्हा टेबल मांडलं. पाच प्रिंट, नवे आकडे, मूळ चित्र ट्रंकेत. पेन्सिलीचा एक आकडा वाकडा आला, तो खोडून पुन्हा घातला. तिनं डावा डोळा झाकला. पाचांवरून बोट फिरवलं, एक उचलली, कोपऱ्याला धरून माझ्यापुढे नाचवली.

"यात पिवळं कुठंय? पानं बघा, नीळ घातल्यासारखी." मग माझ्याकडे बघून, "खराब नग मिसळलात ना? बायकोला?"

मी वही उघडली आणि बरोबरची खूण केली. ती रेघ हललेली आहे, वहीत दिसते.

सहा शायांचा प्रिंटर आता खिडकीशी आहे. निळी चित्रं तिनं दुरुस्त केली नाहीत, फाडलीही नाहीत, ट्रंकेत ठेवली. दाब दर तीन महिन्यांनी मोजायचा. मागच्या वेळी अठरा होता. दर रविवारी मी पाच कागद मांडतो आणि त्यांत चार नंबर मिसळतो. ती म्हणते, पुरे आता. पण येते, बसते, एक डोळा झाकते, मग दुसरा, आणि तेवढा वेळ मी श्वास धरून उभा असतो.